टेबलाखालचा दीड मिलिमीटर

संपादकांनी विषय दिला तो एका ओळीत: सुतार आता राउटरला लिफ्ट बसवून घेतात, बघून या. पुण्यातल्या टिंबर मार्केटजवळच्या एका शेडमध्ये ती चालताना बघायला मिळाली. भिंतीला टेकवलेल्या सागवानी फळ्या, मधोमध टेबल, टेबलात बसवलेली ॲल्युमिनियमची जाड प्लेट आणि तिच्या भोकातून वर आलेलं बिटचं, म्हणजे कापणाऱ्या पात्याचं, टोक. राउटर दिसतच नाही, तो खाली उलटा टांगलेला.

राउटरचा इतिहास लवकर आटपतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत सिराक्यूजच्या आर. एल. कार्टर यांनी लाकडात खाचा आणि गोलाई कोरणारं, हातात धरून चालवायचं विजेचं यंत्र केलं. १९२९मध्ये त्यांचा धंदा स्टॅनली कंपनीने घेतला. पुढे जर्मनीच्या एलूने स्प्रिंगवर दाबून खाली नेता येणारा प्लंज राउटर आणला. अरुंद पट्टीवर यंत्र फिरवण्यापेक्षा यंत्रावरून पट्टी सरकवणं सोपं, म्हणून लोकांनी राउटर टेबलाखाली उलटा बसवला. तिथेच घोळ झाला. उंची बदलायची तर वाकायचं, एका हाताने चार-पाच किलोचं धूड पेलायचं आणि दुसऱ्याने आवळायचं. आवळता आवळता उंची हलायची. लिफ्ट निघाली ती या वैतागातून. जेसेम, वुडपेकर्स, क्रेग, इन्क्रा ही त्यातली गाजलेली उत्तर अमेरिकी नावं.

आतली करामत गाडीच्या जॅकसारखी. राउटरचा बेस काढून नुसती मोटर एका कॉलरमध्ये आवळायची. कॉलर उभ्या खांबांवर सरकतो आणि त्याला वर-खाली नेतो एक आट्यांचा रॉड. वरून प्लेटमधल्या भोकात हँडल घालून रॉड फिरवायचा. आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर असेल तर हँडलच्या पूर्ण फेऱ्याला बिट दीड मिलिमीटर चढतं, पाव फेऱ्याला पाऊण मिलिमीटरच्या निम्मं. एवढंच. पण हे ‘एवढंच’ शेडमधल्या मिस्त्रींना करताना बघितलं आणि मी तिथून हलले नाही.

ते पॅनेलच्या दरवाजाच्या पट्ट्या करत होते. उभ्या पट्टीच्या कडेला गोलाई आणि खाच, आडव्या पट्टीच्या टोकाला त्याचा नेमका उलटा आकार. दोन बिटं, दोन्हींची उंची एकमेकांना जुळलेली हवी. पहिला तुकडा काढून त्यांनी सांधा बसवला आणि अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं.

“बघा ताई, नख अडतंय.”

मला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. त्यांनी लिफ्टचं कुलूप सैल केलं, हँडल उलटं फिरवून बिट गरजेपेक्षा बरंच खाली नेलं आणि मग हळूहळू वर आणलं. थेट खालीच का नाही थांबलात, विचारलं.

“आट्यात प्ले असतो, थोडी ढिलाई. खाली येताना थांबवलं तर बिट नंतर बसतं. शेवटची हालचाल वरच्या दिशेनेच पाहिजे.”

कुलूप लावून पुन्हा तुकडा, पुन्हा नख. कुलूप आवळतानाही उंची केसभर सरकू शकते, म्हणून मोजमाप आवळल्यानंतरचं खरं. या वेळी नख अडलं नाही. मग त्यांनी पोऱ्याला हाक मारली, “चल रे, लाव आता सगळ्या.” पट्ट्या उजवीकडून डावीकडे सरकू लागल्या. वरून बघताना टेबलातलं बिट घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे लाकूड असंच त्याच्या विरोधात न्यावं लागतं. उलट दिशेने दिलं तर बिट पट्टी हिसकावून घेतं. बिट आणि फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची पट्टी, यांच्या मधून लाकूड कधीच घालायचं नाही, हे पोऱ्याला पहिल्या दिवशी सांगितलेलं.

लिफ्ट उंची सांभाळते, बाकी काही नाही. पॅनेलची कड घडवणारं ८० मिलिमीटर व्यासाचं बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांवर लावलं तर त्याच्या कडेचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या वर जातो. फेऱ्या १०,०००च्या आसपास आणायचं भान माणसाचंच.

घ्यायचं ठरवलं की अडचणी सुरू होतात. बऱ्याचशा लिफ्ट अमेरिकी मोटरचं माप धरून केलेल्या, साधारण साडेतीन किंवा ४.२ इंच व्यासाच्या. आपल्याकडे दुकानात मिळतो तो बहुधा प्लंज राउटर; त्याची मोटर खांबांपासून सुटी होत नसेल तर ती कॉलरमध्ये बसतच नाही. अमेरिकी मोटर मागवली तर ती १२० व्होल्टची. १५ अँपिअर म्हणजे १,८०० वॅट, त्यासाठी निदान २ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर टेबलाशेजारी येऊन बसतो. प्लेटचंही एक माप नाही: ९¼ × ११¾ इंच हे रुळलेलं, पण ८¼ इंच रुंदीचीही चालतात. टेबल आधी कापून ठेवणारे इथेच फसतात.

त्याहून बारीक सापळा बिटचा दांडा धरणाऱ्या कोलेटचा. १२ मिलिमीटरचा दांडा अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७च्या कोलेटमध्ये ‘जातो’, पण धरला जात नाही. ६ आणि पाव इंचाचंही तेच. प्लेटला मधोमध पोक किंवा खळगा असेल तर हँडल कितीही अचूक असो, खाच एकसारखी येत नाही. पोलादी पट्टी आडवी ठेवून ते आधी बघावं. भुसा सरळ खाली मोटरवर आणि आट्यांवर पडतो. तेल घातलं की त्याचा लगदा होतो, म्हणून मिस्त्री ब्रश मारून मेणच लावतात.

खर्च वसूल होतो का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर रोखठोक होतं. एकाच आकाराच्या पट्ट्या रोज निघत असतील तर होतो. महिन्यातून एखादं शटर करणाऱ्याने टेबलाखाली वाकावं, हरकत नाही. कुठली लिफ्ट घेऊ, असं विचारत येणाऱ्याला ते उलट विचारतात: मोटरचा व्यास किती, ती बेसमधून निघते का, कोलेट कुठलं? बहुतेकांना तिन्ही सांगता येत नाहीत. त्यांना ते लिफ्टचं नाव सांगत नाहीत, कॅलिपर घेऊन घरी मोजायला पाठवतात. मलाही हाच क्रम पटला: आधी मोटर, मग तिच्या मापाची लिफ्ट, आणि टेबलाला करवत सगळ्यात शेवटी.