तेलावरची वीज: दिवा कुणाला, धूर कुणाला?

लग्नात वीज गेली की मांडवामागे जनरेटर सुरू होतो. वारा फिरला तर डिझेलचा धूर थेट चुलीकडे. नवरानवरीवर दिवे, आणि पातेल्याजवळच्या बायांना ठसका!

हाच जनरेटर हजारो पट मोठा झाला तर काय होतं, ते आज बघू. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प झाला. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, तो नाफ्थावर. नाफ्था म्हणजे कच्च्या तेलातून निघणारं, पेट्रोलसारखं झटकन पेटणारं इंधन. ते जाळून तापलेल्या वायूने चाक फिरवायचं, उरलेल्या उष्णतेची वाफ करून दुसरं चाक फिरवायचं. मग ती वाफ थंड करायला भरपूर पाणी लागतं.

कोळशासारखे राखेचे ढीग इथे होत नाहीत, हे खरं. पण जळताना नायट्रोजनचे विषारी वायू निघतातच. जाड, काळं फर्नेस ऑइल वापरलं तर त्यातल्या गंधकाचाही वायू होतो. दमेकऱ्याची छाती त्याने भरते, पावसात मिसळला तर पिकाला आणि मातीला बाधतो. आणि गरम पाणी खाडीत सोडलं तर मासळी हटते. वेलदूरच्या मच्छीमार बायांना हीच धास्ती होती. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस त्यांच्या घरांत घुसले, बायांना मारहाण करून धरून नेलं. त्यात एक गरोदर होती. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यावर अहवाल काढला, म्हणून जगाला कळलं.

वीज तरी स्वस्त मिळाली का? खासगी प्रकल्पात कंपनी वीज बनवायची आणि वीज मंडळ करार करून विकत घ्यायचं. इथे करार असा, की वीज उचला नाहीतर नका उचलू, ठरलेली रक्कम द्यायचीच. वर तेलाचा आणि डॉलरचा भाव चढला की बिल चढणार. काही महिने युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला.

गुहागर लांब आहे, पण ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. भातसा, तानसाचं पाणी शहापुरातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात.

दाभोळचा करार १९९३ चा. तेव्हा जनसुनावणीची सक्ती नव्हती. ती १९९७ मध्ये आली. आता मोठा प्रकल्प येणार असेल तर तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, पंचायतीत ठेवावा लागतो. तो मागा. सातबारा नावावर नसला तरी तिथल्या बाईला बोलता येतं. इंधन कोणतं, त्यात गंधक किती, पाणी कुठून घेणार, कुठे सोडणार, तेल महागलं तर भरणार कोण, हे विचारा. सुनावणीचं इतिवृत्त शेवटी तिथेच मराठीत वाचून दाखवावं लागतं. ते होईपर्यंत उठू नका, आपला प्रश्न त्यात आला का ते ऐका.