थेंबांचा हिशेब

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीचे महत्त्व सांगताना आपण नेहमीच वापरतो. परंतु तोच थेंब स्नानगृहातील शॉवरमधून गळू लागला, की हिशेब उलटा होतो. पाव मिलिलिटरचा एक थेंब दर सेकंदाला पडत राहिला, तर दिवसाकाठी एकवीस लिटरांहून अधिक आणि वर्षाकाठी सुमारे ७,९०० लिटर पाणी वाया जाते. गळती गरम पाण्याची असेल, तर विजेचा खर्च निराळाच.

आजच्या बहुतेक मिक्सरमध्ये पाण्याचे नियंत्रण ‘कार्ट्रिज’ नावाचा छोटासा भाग करतो. त्यातील सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकून पाण्याची वाट उघडतात वा बंद करतात. चकतीवर चरा पडला किंवा रबरी कडी झिजली, की गळती सुरू होते. कार्ट्रिज बदलणे हा त्यावरील सोपा उपाय. पण बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे साचून त्याला पितळी घरात घट्ट धरून ठेवतात. पाणी तापले की हे क्षार अधिकच बसतात.

कामास हात घालण्यापूर्वी गीझरचे बटण बंद करावे, टाकीकडून येणारा मुख्य कॉक बंद करावा आणि नळ उघडून नळीतील उरलेले पाणी जाऊ द्यावे. लहान स्क्रू हरवू नये म्हणून मोरीच्या जाळीवर फडके अंथरावे. मग मुठीवरील टोपण काढून आतील स्क्रू सोडवावा, मूठ व भिंतीलगतचे कव्हर उतरवावे आणि कार्ट्रिजवरील नट पान्याने सैल करावा. कुठे क्लिप असल्यास तीही काढावी.

एवढे करूनही कार्ट्रिज हलत नसेल, तर हिसका देऊ नये. कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके त्याभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे. आम्लामुळे क्षार विरघळू लागतात. त्यानंतर ती जागा स्वच्छ धुवावी. व्हिनेगर आणि ब्लीचयुक्त द्रव मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. मग पकडीने दांडा धरून किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरवावे आणि पकड सुटल्याचे जाणवताच सरळ बाहेर ओढावे. गरज पडल्यास ही कृती दोन-तीनदा करावी.

ओढताना भिंतीतील नळी हलू लागली किंवा दांडा तुटण्याची चिन्हे दिसली, तर तेथेच थांबून जाणकार प्लंबरला बोलवावे. भिंतीतील सांधा निखळला, तर टाइल्स फोडाव्या लागतात आणि काही रुपयांची बचत हजारोंच्या खर्चात बदलते.

जुने कार्ट्रिज दुकानात नेऊनच नवे घ्यावे. ३५ आणि ४० मिलिमीटर व्यासाची कार्ट्रिजे वरवर सारखीच दिसतात. बसवण्यापूर्वी आतील घर पुसून घ्यावे व रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. नट बेताने आवळून कॉक सावकाश उघडावा आणि सांधे कोरडे राहतात का, ते पाहावे.

पैशाप्रमाणे पाणीही राखले तरच टिकते. ते राखताना बळापेक्षा धीर अधिक उपयोगी पडतो आणि कोठे थांबावे, हे कळणे त्याहूनही मोलाचे असते.