थायलंडला चाललाय? पासपोर्ट सांभाळा!

दोस्तांनो, जिंतूर, सेलू नाहीतर गंगाखेडच्या कुणी पासपोर्टचा अर्ज केला, की चौकशीला आपलंच पोलीस ठाणं! थायलंडात राहायला गेलं की मात्र सगळंच वेगळं. तिथं जास्त दिवस राहणाऱ्या परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी इमिग्रेशन कचेरीला पत्ता कळवावा लागतो. व्हिसाची मुदत उलटली, तर रोज ५०० बाट दंड. आणि कागदावरचं साल? आपलं २०२५ म्हणजे त्यांचं २५६८! बुद्धसंवत ना ते.

पण ही बातमी गमतीची नाही. थायलंडात नोकरी देतो म्हणून नेलेल्या कित्येक तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारात नेलं, पासपोर्ट काढून घेतले आणि संगणकावरून लोकांना फसवायच्या कामाला जुंपलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना मे सोट या थाई गावातून परत आणलं.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ अशी नोंद असते. त्यांना थायलंडात नोकरीला जायला सरकारची परवानगी लागते. लबाड एजंट म्हणतो, ‘टुरिस्ट म्हणून चल की!’ टुरिस्टला तिथं नोकरी करताच येत नाही, बरं का. एजंटाची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसते. दादाला तेवढं आधी बघायला सांगा.