उपेक्षित संगीताचा चाहता : ‘बिग स्टार’ या गटाच्या निमित्ताने काही विचार

कलाकृतीचे मूल्य आणि तिला लाभलेली प्रसिद्धी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु त्या दोहोंमध्ये अंतर कशामुळे पडते आणि पडलेले अंतर कोण भरून काढतो, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने क्वचितच होते. साहित्याच्या क्षेत्रात हे कार्य टीकाकार, संपादक आणि विद्यापीठे करतात, अशी समजूत आहे. लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात, विशेषतः ज्यास ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात त्या संगीताच्या बाबतीत, ते बहुतांशी चाहत्याने केलेले आहे. हा चाहता पुष्कळदा थट्टेचा विषय होतो. इतरांनी न ऐकलेल्या गटांची नावे त्याच्या जिभेवर असतात. ‘या गटाची जेवढी कदर व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही’ हे त्याचे ठरलेले वाक्य असते. आणि ऐकणाऱ्याचा उत्साह ओसरला तरी त्याचा ओसरत नाही. त्याच्या या वाक्याचा नेमका अर्थ काय, ते केव्हा खरे ठरते आणि त्यामागील उत्साहाने प्रत्यक्षात काय साधते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण म्हणून अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस या शहरी १९७१ साली स्थापन झालेल्या ‘बिग स्टार’ या गटाचा विचार येथे केला आहे.

१

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. इंग्रजीतील ‘फॅन’ हा शब्द सामान्यतः ‘फॅनॅटिक’ या शब्दाचे संक्षिप्त रूप मानला जातो. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘फानुम्’ म्हणजे देवालय या शब्दापर्यंत जाते. देवालयाशी निगडित, म्हणून देवाने झपाटलेला, असा त्याच्या अर्थाचा प्रवास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या खेळाच्या संदर्भात तो रूढ झाला. मराठीने त्यासाठी ‘चाहता’ हा शब्द स्वीकारला. ‘चाहणे’ या क्रियापदापासून आलेल्या या शब्दात झपाटलेपण नाही. आवड आणि ओढ आहे. ‘रसिक’ या शब्दात आस्वादाच्या योग्यतेची कल्पना अंतर्भूत आहे, तर संस्कृत साहित्यशास्त्रातील ‘सहृदय’ याहून काटेकोर आहे. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या दीर्घ परिशीलनाने ज्याचे मन निर्मळ झालेले असते आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय होय.

उपेक्षित संगीताच्या चाहत्यात या सर्वांचा अंश असतो. परंतु एका बाबतीत तो सहृदयाहून वेगळा पडतो. सहृदयाचे कार्य आस्वादापाशी पूर्ण होते. चाहत्याचे कार्य तेथून सुरू होते, कारण आपल्याला जे लाभले ते दुसऱ्यास देणे हा त्याच्या आस्वादाचाच भाग असतो.

‘अल्टरनेटिव्ह’ हे विशेषणही लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. ते स्वरांचे वा वाद्यांचे वर्णन करीत नाही. ते केवळ एक संबंध सांगते. कशास पर्यायी, हा प्रश्न त्यात गृहीत आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे आणि लहान ध्वनिमुद्रण संस्था यांच्या आश्रयाने वाढलेल्या संगीतास हे नाव मिळाले. सप्टेंबर १९८८ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाने या प्रकारच्या गीतांसाठी ‘मॉडर्न रॉक ट्रॅक्स’ ही स्वतंत्र क्रमवारी सुरू केली. जानेवारी १९९२ मध्ये ‘निर्व्हाना’ या गटाची ‘नेव्हरमाइंड’ ही ध्वनिमुद्रिका त्याच नियतकालिकाच्या मुख्य क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचली, तेव्हा जे पर्यायी होते तेच प्रमुख झाले. शब्द मात्र राहिला. अर्थ सरकला आणि नाव टिकले, असा हा अर्थांतराचा परिचित प्रकार आहे. ‘बिग स्टार’च्या हयातीत हे नाव संगीतप्रकार म्हणून रूढ नव्हते. पुढील पिढीच्या गटांनी त्यास आपला पूर्वज मानले, आणि त्या नात्याने ते त्यास मागाहून लागू झाले.

२

क्रिस बेल, ॲलेक्स चिल्टन, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स हे या गटाचे चार सदस्य. यांपैकी चिल्टन अप्रसिद्ध नव्हते. ‘बॉक्स टॉप्स’ या गटाचे गायक म्हणून त्यांनी गायिलेले ‘द लेटर’ हे गीत १९६७ साली अमेरिकेत प्रथम क्रमांकावर गेले होते, आणि त्या वेळी त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. नव्या गटाने आपले नाव ध्वनिमुद्रणगृहाजवळील एका किराणा दुकानाच्या पाटीवरून घेतले आणि १९७२ साली निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेस ‘नंबर वन रेकॉर्ड’ असे नाव दिले. पुढील घटनांमुळे ही दोन्ही नावे उपरोधिक ठरली.

हे संगीत दुर्बोध होते म्हणून नाकारले गेले, असे म्हणता येत नाही. ‘बीटल्स’ आणि ‘बर्ड्स’ यांच्या परंपरेतील लहान, सुरेल गीते, स्वच्छ खणखणीत गिटार आणि अनेक कंठांचा स्वरमेळ ही त्याची लक्षणे होती. लांबलचक वादन आणि भरदार आवाज यांकडे त्या काळच्या रॉक संगीताचा कल होता. त्या मानाने हे संगीत काहीसे कालबाह्य वाटण्याचा संभव होता. तरीही व्यापारी नियतकालिकांनी ध्वनिमुद्रिकेची प्रशंसा केली. अपयशाचे प्रमुख कारण वितरणात होते. ‘आर्डेंट’ या संस्थेच्या तबकड्या ‘स्टॅक्स’ ही मेम्फिसमधील कंपनी वितरित करीत असे. कृष्णवर्णीय कलावंतांच्या सोल संगीतात स्टॅक्सचे स्थान मोठे होते. परंतु गोऱ्या तरुणांच्या रॉक संगीताची बाजारपेठ तिच्या सवयीची नव्हती. पुढे स्टॅक्सने वितरणाचे काम ‘कोलंबिया’ या बलाढ्य कंपनीकडे सोपविले, आणि त्या व्यवहारात या गटाकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. परीक्षण वाचून दुकानात गेलेल्या ग्राहकास तबकडी मिळत नसे. परिणामी पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या दहा हजार प्रतीही त्या वेळी खपल्या नाहीत.

बेल १९७२ च्या अखेरीस गटातून बाहेर पडले. १९७४ साली निघालेल्या ‘रेडिओ सिटी’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची गतही फारशी वेगळी झाली नाही. तिसरी ध्वनिमुद्रिका चिल्टन आणि स्टीफन्स यांनी निर्माते जिम डिकिन्सन यांच्या साहाय्याने १९७४ साली मुद्रित केली. पण ती प्रकाशित करण्यास कोणी पुढे आले नाही. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्सचे दिवाळे निघाले. तोपर्यंत गटही उरला नव्हता.

३

येथवरचा वृत्तान्त अपयशाचा आहे, आणि असे वृत्तान्त विपुल आहेत. या गटाचा वृत्तान्त येथे संपला नाही, याचे श्रेय चाहत्यांकडे जाते. मे १९७३ मध्ये मेम्फिस येथे रॉक संगीतावर लिहिणाऱ्या लेखकांचा मेळावा भरविण्यात आला होता आणि त्यात उरलेल्या तिघांनी वादन केले होते. तेथून परतलेल्या लेखकांपैकी अनेकांनी हे नाव जागते ठेवले. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका एकत्र पुनःप्रकाशित झाल्या आणि त्याच वर्षी तिसरीही प्रथमच बाजारात आली. बेल यांचे ‘आय ॲम द कॉसमॉस’ हे गीत एका तरुण संगीतकाराच्या लहानशा संस्थेने १९७८ मध्येच प्रसिद्ध केले. वर्षअखेर, २७ डिसेंबर रोजी, मोटार-अपघातात बेल यांचे निधन झाले. त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

यानंतर संगीतकारच चाहते म्हणून पुढे आले. १९८४ साली ‘धिस मॉर्टल कॉइल’ने तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील दोन गीते नव्याने सादर केली. १९८६ साली ‘बँगल्स’ने ‘सप्टेंबर गर्ल्स’ हे गीत आपल्या बहुखपाच्या ध्वनिमुद्रिकेत घेतले. १९८७ साली ‘रिप्लेसमेंट्स’ या गटाने मेम्फिसमधील त्याच आर्डेंट ध्वनिमुद्रणगृहात आणि त्याच डिकिन्सन यांच्या निर्मितीखाली तयार केलेल्या ध्वनिमुद्रिकेत ‘ॲलेक्स चिल्टन’ या नावाचेच गीत समाविष्ट केले. ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेविषयी ब्रायन ईनो यांनी १९८२ साली एका मुलाखतीत काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत. ती सुरुवातीच्या वर्षांत थोड्याच लोकांनी घेतली, परंतु घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचा गट काढला असावा, असा त्यांचा आशय होता. यातील अतिशयोक्ती वजा केली तरी एक तत्त्व उरते : श्रोत्यांची संख्या आणि श्रोत्यांची फलद्रूपता ही भिन्न परिमाणे आहेत.

सर्वांत बोलके उदाहरण १९९३ सालचे आहे. मिसुरी विद्यापीठाच्या विद्यार्थी नभोवाणी केंद्रातील दोघा तरुणांनी चिल्टन आणि स्टीफन्स यांना एकत्र येऊन वादन करण्याची विनंती केली, आणि ती अनपेक्षितपणे मान्य झाली. २५ एप्रिल रोजी विद्यापीठाच्या आवारातील एका तंबूत, ‘पोझीज’ या गटातील दोघा वादकांच्या साथीने, हा कार्यक्रम झाला. त्यानंतर या नव्या रूपात गट चिल्टन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे मार्च २०१० पर्यंत, अधूनमधून वादन करीत राहिला. ज्या शहरात हा कार्यक्रम झाला त्याचे नावही कोलंबियाच होते. त्या नावाच्या कंपनीस जे साधले नव्हते, ते त्या नावाच्या गावातील दोन विद्यार्थ्यांनी साधले.

हस्तलिखित पोथ्यांची परंपरा जाणणाऱ्या अभ्यासकास ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही. ग्रंथ टिकतो तो नकलकारांमुळे. आणि नकलकार आला की पाठभेदही येतात. चाहत्यांनी एकमेकांसाठी भरून दिलेल्या कॅसेटी या अशाच नकला होत. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत तर संहितेचाच प्रश्न उभा राहतो. गटाने निश्चित केलेला गीतांचा क्रम तिला नाही. शीर्षकही कोठे ‘थर्ड’, कोठे ‘सिस्टर लव्हर्स’, तर कोठे दोन्ही मिळून असे आढळते. १९७८ च्या आणि १९९२ च्या आवृत्त्यांतील क्रम वेगळे आहेत. कोणता क्रम ग्राह्य, या वादात चाहत्यांनी घेतलेले श्रम पाठचिकित्सकाच्या श्रमांच्या जातीचे आहेत.

४

आता ‘उपेक्षित’ या विशेषणाकडे वळता येईल. चाहत्याच्या तोंडी या शब्दाचे तीन अर्थ आढळतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे पुष्कळ वाद निष्फळ होतात. पहिला अर्थ अश्रुताचा : संगीत श्रोत्यांपर्यंत पोहोचलेच नाही. दुसरा अनाकलिताचा : ते पोहोचले, परंतु त्याचे मर्म ओळखले गेले नाही. तिसरा तुलनेचा : त्यास मान्यता आहे, पण त्याच्या योग्यतेच्या मानाने कमी आहे. पहिला अर्थ वस्तुस्थितीचा असल्याने पुराव्याने ठरविता येतो. दुसरा अंशतः ठरविता येतो. तिसरा मात्र मूल्यनिर्णय आहे. त्यास आकड्यांचा आधार पुरत नाही. १९७२ साली ‘बिग स्टार’ पहिल्या अर्थाने उपेक्षित होता. २००३ साली ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने निवडलेल्या पाचशे ध्वनिमुद्रिकांत या गटाच्या तिन्ही ध्वनिमुद्रिकांचा समावेश झाला. त्यानंतर त्यास पहिल्या दोन अर्थांनी उपेक्षित म्हणणे कठीण आहे. तरीही हे विशेषण त्याच्या नावास चिकटून राहिले. येथे विशेषणाचे रूपांतर उपाधीत झाले आहे.

यातूनच चाहत्याचा मुख्य दोष उद्भवतो. उपेक्षा ही घटना आहे, गुण नव्हे. जो गुणापेक्षा उपेक्षेवरच प्रेम करू लागतो, त्यास आपल्या आवडत्या गटाची कीर्ती हानीसारखी वाटू लागते, आणि दुर्दैवाची कथा त्याच्या मनात गीतांची जागा घेते. विशेष म्हणजे चिल्टन स्वतः या गौरवाविषयी साशंक होते. आपल्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची स्तुती अवास्तव आहे, असे त्यांनी बोलून दाखविले होते. कलावंताचे मत अंतिम मानण्याचे कारण नाही; परंतु चाहत्याने आपला दावा आख्यायिकेवर न उभारता ऐकू येणाऱ्या गोष्टींवर उभारावा, एवढा बोध त्यातून घेता येतो. ‘थर्टीन’ या गीतात कुमारवयातील संकोच किती थोड्या साधनांनी व्यक्त झाला आहे, ‘सप्टेंबर गर्ल्स’मध्ये चाल प्रफुल्ल असूनही तिच्या तळाशी खेद कसा राहतो, तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत गीताची घडण मोडकळीस आल्यासारखी भासत असता तंतुवाद्यांनी ती कशी सावरली आहे, हे जो दाखवून देतो, त्याचे ‘कदर झाली नाही’ हे वाक्य तक्रार न राहता विधान होते, आणि ऐकणाऱ्यास ते पडताळून पाहता येते.

बाजारपेठ दोषरहित असती तर अशा चाहत्याची आवश्यकता भासली नसती. परंतु वितरणाचा एक करार विसकटला की एक संपूर्ण कलाकृती नाहीशी होऊ शकते, हे ‘बिग स्टार’च्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तिच्या थोड्या प्रती ज्यांच्या हाती राहतात, त्यांच्या आग्रहावर तिचे पुढील आयुष्य अवलंबून असते. चौघा मूळ सदस्यांपैकी तिघांचे निधन झाले आहे. बेल यांना तर या कीर्तीचा काही भागही पाहावयास मिळाला नाही. चाहत्याचा उत्साह विलंबाने फळतो आणि कलावंतास त्याचा लाभ होईलच, अशी शाश्वती नसते. ज्या गटांना असा चाहता लाभला नाही, त्यांची तर नावेही या विवेचनात येऊ शकत नाहीत.