गाण्याचा सातबारा
(लेखमाला : आपलं गाणं, आपली कमाई – भाग 4)

गेल्या भागात घरच्या घरी रेकॉर्डिंग कसं करायचं ते पाहिलं. गाणं तयार झालं की पुढचा प्रश्न येतो : ते कुणाच्या नावावर? बुलढाणा जिल्ह्यात स्वतःच लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा कलाकार बहुतेक वेळा इथंच अडकतो. 14 एप्रिल जवळ येते, गायन पार्टीच्या सुपाऱ्या ठरू लागतात, नवं भीमगीत त्याआधी लोकांच्या मोबाइलवर पोचायला हवं असतं. मग घाईत एखाद्या कंपनीच्या कागदावर सही होते. एकरकमी पैसे हातात पडतात, पण आपण नेमकं काय विकलं हे कळत नाही.

कायद्याच्या नजरेत गाणं ही एक वस्तू नाहीच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द वेगळे, चाल वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळं. गाण्याचा सातबारा काढला, तर त्यावर तीन खातेदार निघू शकतात.

उदाहरण जिल्ह्यातलंच आहे. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीच्या तबकडीवर आली. मराठी भावगीताची सुरुवात अनेक जाणकार तिथूनच धरतात. शब्द ना. घं.चे, चाल आणि गळा जी. एन. जोशींचा, तबकडी कंपनीची. ना. घं.चा ‘शीळ’ हा संग्रह पुस्तकरूपात यायला मात्र 1954 उजाडलं. तोवर सुमारे वीस वर्षं ही कविता दुसऱ्याच्या गळ्यातून घरोघरी पोचत होती.

या तिन्ही खात्यांची मुदतही सारखी नाही. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर 60 वर्षं. ना. घ. 2000 साली गेले, म्हणून ‘शीळ’च्या शब्दांवरचा हक्क 2060 अखेरपर्यंत आहे. त्या तबकडीवरचा हक्क केव्हाच संपला. सगळ्यात लांब पल्ल्याचं खातं लिहिणाऱ्याचं आणि चाल बांधणाऱ्याचं असतं. नेमकं तेच घाईत सगळ्यात आधी विकलं जातं.

स्वतंत्र कलाकाराची खरी ताकद इथं आहे. शब्द त्याचे, चाल त्याची आणि रेकॉर्डिंगची जबाबदारीही त्यानंच उचलली असेल, तर तिन्ही खाती त्याच्याच नावावर. करार पुढ्यात आला की तीन जागी बोट ठेवून वाचावं. पहिली, मुदत : ती लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. दुसरी, प्रदेश : तो लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तयार मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आधीच छापलेले असतात. ते खोडून घ्या म्हणता येतं. तिसरी जागा, हक्क कोणते : ‘सर्व हक्क’ देण्याऐवजी फक्त ध्वनिमुद्रण ठरावीक वर्षांसाठी देता येतं.

2012 च्या दुरुस्तीनं आणखी एक आधार दिला. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा आता सोडून देता येत नाही. ‘मला काही नको’ असं लिहून दिलं, तरी ते कायद्यात टिकत नाही. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. पण हा पैसा आपोआप दारात येत नाही. त्यासाठी 1969 पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं तिथं नोंदवावं लागतं. ऑनलाइन देताना रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो, तोही वहीत उतरवून ठेवावा. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही. हक्क गाणं कागदावर उतरलं की लागू होतो. तरी शब्दांसाठी 500 आणि ध्वनिमुद्रणासाठी 2,000 रुपये शुल्क भरून केलेली नोंद भांडणाच्या वेळी कामी येते.

आपल्या शाहिरांना मालकीची जाण नव्हती असं नाही. वामनदादा कर्डक स्वतः लिहीत, स्वतः गात आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफत. त्यामुळे गाणं कुणीही गायलं तरी ते वामनदादांचं हे ऐकणाऱ्याला कळायचं. त्या नाममुद्रेनं श्रेय राखलं, पण तिच्यामागून पैसा येत नाही. तो यायचा तर नाव गाण्याबरोबर नोंदवहीतही हवं. तेव्हा या वर्षीचं गाणं कंपनीला दाखवण्याआधी नोंदवा, आणि सही त्यानंतर करा.

(पुढच्या भागात : सुपारी, बयाणा आणि कार्यक्रमाचा हिशेब)