पेटी उघडता आली पाहिजे

श्रावणातली गोष्ट. रिसोडच्या आमच्या भजनी मंडळाची पेटी ऐन भजनात अडली. पंचमाची पट्टी दाबली ती वर आलीच नाही. भाता हलला की तो एकच सूर भणभणत राहायचा. वाजवणाऱ्याने दर वेळी ती पट्टी अंगठ्याच्या नखाने उचलत कशीबशी भैरवी गाठली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सुतारकाकांकडे पेटी नेली. त्यांनी पट्टी हलवून पाहिली, कान लावला आणि म्हणाले, "भाऊ, काम तं दोन मिनिटाचं हाये, पन हे खोलावं कसं?" पावसाळी हवेने पट्टी फुगली होती आणि शेजारच्या पट्टीला घासत होती. पॉलिश पेपरचे दोन हात फिरवले असते तर काम झालं असतं. पण आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत पट्ट्यांवरची लाकडी फळी खिळे ठोकून, वर एपॉक्सी लावून कायमची बसवलेली होती. ती काढताना फळी चिरली आणि खालच्या दोन स्प्रिंगा वाकल्या. दोन मिनिटांच्या कामासाठी पेटी अकोल्याला गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. ते तीन आठवडे आमचं भजन नुसत्या टाळ-मृदंगावर झालं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. वाद्य म्हटलं की ते बिघडणारच. बिघडलेल्या भागापर्यंत आपला हात पोहोचतो का, तो बाहेर काढून पुन्हा जागच्या जागी बसवता येतो का, यावर त्या वाद्याचं आयुष्य ठरतं.

पट्टीखाली काय घडतं?

पेटीचं पोट एकदा उघडून पाहिलं की भीती जाते. पट्टी म्हणजे एक साधी तरफ. पुढचं टोक बोटाने दाबलं की मागचं टोक उचललं जातं आणि त्याच्याखालची झडप उघडते. भात्याने दाबलेली हवा त्या वाटेने बाहेर पडताना पितळी रीडची जीभ थरथरते आणि स्वर निघतो. बोट उचललं की तारेची स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते. झडपेखाली नमदा आणि मऊ कातडं असतं, म्हणून हवा गळत नाही.

साडेतीन सप्तकांच्या पेटीत साधारण ४२ पट्ट्या असतात. म्हणजे ४२ तरफा, ४२ झडपा आणि ४२ स्प्रिंगा. खर्ज, नर आणि मादी असे तीन संच असतील तर रीड भरतात १२६. कपलर असेल तर एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच स्वर उघडणाऱ्या तारांची आणखी एक फळी. स्केल चेंजर असेल तर पट्ट्यांचा सगळा साचाच सरकणारा. सोय वाढते तसे भागही वाढतात, आणि प्रत्येक नव्या भागाबरोबर बिघाडाची एक नवी जागा तयार होते.

आमच्या वऱ्हाडात या भागांची परीक्षा कडक असते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. लाकूड आकसतं, कातडं कडक होतं, भात्याच्या घड्या तडकतात. मग पाऊस आला की तेच लाकूड फुगतं. सोयाबीन निघालं की मळणीची धूळ गावभर उडते आणि भात्याच्या वाटेने थेट रीडपर्यंत पोहोचते. उंदीर नमदा कुरतडतो, कसर राहिलेला खाते. पेटी बनवणाऱ्याची चूक यात नसतेच. झीज ठरलेली आहे, आणि ती गृहीत धरूनच रचना केली पाहिजे.

द्वारकानाथांनी काय काढून टाकलं

हार्मोनियम मूळची युरोपची. पॅरिसच्या अलेक्झांड्र दबें यांनी १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. ते वाद्य टेबलासारखं उभं, खुर्चीवर बसून पायाने भाता मारत वाजवायचं. पायापासून रीडपर्यंत हवा नेणारा सगळा पसारा आत. आपल्याकडे आल्यावर ते अवजड ठरलं आणि दुरुस्तीला अवघडही.

कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये 'द्वारकिन' ही वाद्यांची पेढी सुरू केली आणि पुढच्या दशकात हातपेटी घडवली. त्यांनी पायाचा भाता काढून पाठीमागे हाताचा भाता लावला. पायांचा सांगाडा गेला, आतली यंत्रणा सोपी झाली, पेटी जमिनीवर आली. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. मांडी घालून बसणाऱ्या गायकाच्या शेजारी ती सहज बसली.

आपण या बदलाची गोष्ट सांगतो ती बहुतेक वेळा बसण्याच्या सोयीची म्हणून. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. भाग कमी झाल्याने पेटी स्वस्त झाली, टिकाऊ झाली आणि साध्या कारागिराच्या हातात दुरुस्त होऊ लागली. म्हणून ती संगीत नाटकाच्या रंगमंचापासून खेड्यातल्या मारुतीच्या पारापर्यंत पोहोचली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला, तर नागपूरच्या मनोहर चिमोटे यांनी तिच्यात बदल करून, स्वरमंडळाच्या तारा जोडून 'संवादिनी' घडवली. आज आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी रिसोडवरून पुढे पंढरपूरला जाते, तेव्हा वाटेवरच्या कितीतरी गावांत कीर्तनाला पेटी तयार असते. सोपी रचना नसती तर हे घडलंच नसतं.

पियानोने शिकवलेला धडा

दुरुस्तीसाठीची रचना म्हणजे काय, हे समजून घ्यायला पेटीच्या श्रीमंत नातेवाइकाकडे, म्हणजे पियानोकडे पाहावं लागतं. फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याच्या वाद्यांच्या यादीत १७०० साली बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांच्या पियानोची नोंद सापडते. क्रिस्तोफोरींपुढचा पेच असा होता: हातोडीने तारेवर आघात करायचा, पण लगेच मागे यायचं, ती तारेला चिकटून राहिली तर स्वर तिथेच मरतो. म्हणून पट्टी आणि हातोडी यांच्यामध्ये त्यांनी ऐन क्षणी हात सोडणारा एक खटका बसवला. १८२१ मध्ये सेबास्तियां एरार यांनी तो खटका असा सुधारला की पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. आजच्या ग्रँड पियानोची यंत्रणा त्याच वाटेने आली आहे.

अशा पियानोत लहानमोठे मिळून सुमारे १२ हजार भाग असतात. ८८ पट्ट्यांपैकी प्रत्येकीमागे तरफा, खटके, स्प्रिंगा आणि हातोडी यांची साखळी. तिचे सांधे जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या धातूच्या सुईवर फिरतात आणि ती सुई लोकरी कापडाच्या अस्तरात बसवलेली असते. हवा दमट झाली की अस्तर फुगतं आणि पट्टी सुस्तावते. मुंबईत १८६५ पासून फुर्टाडोजसारखी वाद्यांची दुकानं आहेत. तिथल्या समुद्राकाठच्या हवेत पियानो सांभाळणाऱ्या कारागिरांना हा त्रास रोजचाच.

आता यातली गंमत पाहा. एवढी गुंतागुंतीची यंत्रणा, पण ग्रँड पियानोच्या पुढच्या लाकडी फळ्या सोडवल्या की ती सगळीच्या सगळी टेबलाच्या खणासारखी बाहेर ओढता येते. प्रत्येक हातोडी एका स्क्रूवर बसवलेली असते. तो एक स्क्रू काढला की फक्त तीच हातोडी हातात येते, बाकीच्या ८७ जागच्या जागी. हातोडी किती उचलली जावी हे ठरवायलाही प्रत्येक पट्टीमागे एक फिरवता येणारा स्क्रू असतो. नमदा झिजला तर भाग बदलायची गरज नाही, स्क्रू थोडा फिरवायचा. उष्ण देशांसाठी विलायती कारखाने जे खास पियानो बनवत, त्यांत नुसत्या सरसावर न विसंबता सांध्यांना पितळी स्क्रूंचा आधार दिलेला असे.

न झिजणाऱ्या भागाची फसगत

मग कुणाला वाटेल, झिजणारं कापडच काढून टाकलं तर? हा प्रयोग झालेला आहे. स्टाइनवे या नामवंत कंपनीने न्यूयॉर्कच्या कारखान्यात १९६२ पासून सांध्यांमध्ये लोकरी अस्तराच्या जागी टेफ्लॉनच्या बारीक नळ्या बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन ओल धरत नाही, झिजतही नाही. कागदावर तोडगा निर्दोष होता.

पण टेफ्लॉनची नळी ज्या लाकडात बसवली ते लाकूड मात्र ऋतूप्रमाणे फुगत आणि आकसत राहिलं. नळी बदलत नाही, भोवतालचं भोक बदलतं. सांधे सैल पडले आणि वाजवताना टकटक ऐकू येऊ लागली. शिवाय ते दुरुस्त करायला वेगळी अवजारं आणि वेगवेगळ्या मापांच्या नळ्या लागायच्या. कापडाचं अस्तर कुठलाही अनुभवी कारागीर बदलू शके, हे मात्र सगळ्यांना जमेना. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी पुन्हा कापडाकडे वळली.

अमेरिकेतल्या बुटक्या पियानोंची गोष्टही अशीच. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यात पट्टी आणि यंत्रणा यांना जोडणारे प्लॅस्टिकचे कोपरे वापरले गेले. काही वर्षांनी ते ठिसूळ होऊन भुगा झाले. पुढे यंत्रणेच्या जोडतारेवर नुसते दाबून बसवता येणारे बदली कोपरे निघाले तेव्हा दुरुस्ती सोपी झाली. याउलट जपानच्या कावाई कंपनीने प्लॅस्टिकच्या भागांचा नेटाने पाठपुरावा केला आणि पुढे त्यात कार्बनचे तंतू मिसळून मजबूत भाग बनवले. म्हणजे नवा पदार्थ वाईट असतो असं मुळीच नाही. पण नवा भाग शेजारच्या जुन्या भागाशी जमवून घेतो का, आणि बिघडला तर गावातल्या माणसाला तो बदलता येतो का, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

आपल्या पेटीत काय हवं

हाच हिशेब पेटीला लावून पाहू. पट्ट्यांवरची फळी स्क्रूवर बसवलेली हवी, खिळ्यावर नको. जिथे चिकटवायलाच हवं तिथे सरस वापरावा. जुने कारागीर सरस वापरत त्यामागे शहाणपण होतं: ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो आणि भाग शाबूत निघतो. एपॉक्सी सुटत नाही, लाकूडच फाटतं. सगळ्या स्प्रिंगा एकाच मापाच्या असाव्यात, म्हणजे एक तुटली तर शोधाशोध नको. प्रत्येक पट्टीवर आतून पेन्सिलने क्रमांक आणि प्रत्येक रीडवर स्वराचं नाव असावं. हवा जिथून आत येते तिथे बारीक जाळी असावी. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कापडी पिशवी: दोन स्प्रिंगा, चार स्क्रू, नमद्याचा तुकडा, कातड्याची पट्टी. या सगळ्याचा खर्च पेटीच्या किमतीपुढे किरकोळ आहे, पण पेटी गावातच दुरुस्त होईल की तीन आठवडे बाहेर राहील हे त्यावर ठरतं.

घरच्या घरीही बरंच करता येतं. एखादा सूर अचानक मुका झाला तर बहुधा रीडच्या जिभेत धुळीचा कण अडकलेला असतो. पितळी जीभ आणि तिच्या खाचेत केसाएवढीच फट असते, म्हणून एक कणही पुरतो. जीभ नखाने अगदी हलकेच उचलायची, पातळ कागदाची पट्टी खालून सरकवायची आणि बाहेर ओढायची. कण कागदावर येतो, सूर परत येतो. जीभ वाकवायची नाही, खरवडायची तर मुळीच नाही. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. ते काम सूर लावणाऱ्याचंच.

पट्टी अडकली तर तेल घालू नका. तेल लाकडात मुरतं आणि त्याला धूळ चिकटते. घासणाऱ्या जागी मऊ पेन्सिलचं शिसं फिरवा. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर आगपेटीची काडी सरसात बुडवून भोकात बसवा आणि स्क्रू पुन्हा फिरवा. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि सगळ्यांत सोपं औषध म्हणजे रोज थोडा वेळ वाजवा. वाजती पेटी बंद पेटीपेक्षा कमी बिघडते.

आमची पेटी परत आली तेव्हा मंडळाने एकच ठराव केला. चिरलेली फळी सुतारकाकांकडून नवी करून घेतली, सहा पितळी स्क्रूंवर बसवली आणि एक छोटा पेचकस पेटीच्या खोक्यातच ठेवला. पुढच्या श्रावणात पुन्हा एक पट्टी अडली. पहिला अभंग संपून दुसरा सुरू होईपर्यंत ती मोकळी झाली.

तुमच्या देवळासाठी, शाळेसाठी किंवा घरासाठी नवी पेटी घ्यायला जाल तेव्हा सूर तपासाच, पण तेवढ्यावर थांबू नका. दुकानदाराला सांगा, "हिचं झाकण काढा, एक पट्टी बाहेर काढा आणि पुन्हा बसवून दाखवा." जी पेटी तुमच्यासमोर नुसत्या पेचकसाने उघडते आणि मिटते, तीच घरी आणा.