‘मला’ आणि ‘मी’ : व्यसनाच्या कबुलीचे व्याकरण

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. एका आख्यायिकेप्रमाणे नामदेव पूर्ववयात वाटमारी करीत असत आणि औंढा नागनाथाच्या देवालयापाशी एका निराधार स्त्रीचे दुःख पाहून त्यांना अनुताप झाला. ही कथा ऐतिहासिक मानण्यास अनेक अभ्यासक तयार नाहीत. परंतु आपल्या आवडत्या संताच्या मुखी अपराधाची कबुली घालावी असे लोकांना वाटले, ही गोष्ट भाषाभ्यासकाने दुर्लक्षू नये. प्रस्तुत लेखाचा विषय कबुली हाच आहे. मात्र ती व्यसनाची कबुली असून तिचा विचार येथे मुख्यतः ख्रिस्ती परंपरेच्या आधारे केला आहे. व्यसनी मनुष्य खरे बोलू लागतो तेव्हा भाषा त्याला कोणती वाक्ये देते आणि त्या वाक्यांत काय झाकले जाते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

कळमनुरी, वसमत, सेनगाव ह्या बाजूंच्या, किंबहुना सर्वच मराठी मुलखातील, नित्याच्या बोलण्यात ‘मला दारूचे व्यसन लागले’ असे म्हणतात. ह्या वाक्यात कर्ता ‘व्यसन’ आहे. बोलणारा ‘मला’ ह्या चतुर्थीच्या रूपात केवळ भोक्ता म्हणून येतो. भूक लागते, ठेच लागते, भूत लागते, त्याचप्रमाणे व्यसनही लागते. पुढे ‘दारू चढली’, ‘पैसे गेले’, ‘हात उठला’ आणि अखेरीस ‘दारू सुटली’ अशी वाक्यांची मालिका चालते. ह्या सर्व वाक्यांत क्रिया घडते, पण करणारा कोणी नाही. ‘हात उठला’ आणि ‘मी तिला मारले’ ह्यांत घटना एकच आहे. परंतु पहिल्या वाक्यात मारणाराही नाही आणि जिला मार बसला ती स्त्रीही नाही.

म्हणून ‘मला’ची वाक्ये खोटी ठरतात काय? तसे म्हणता येणार नाही. संस्कृतात ‘व्यसन’ ह्या शब्दाचा मूळ भाव आपत्तीचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावरील व्यसनांचे, म्हणजे संकटांचे, विवेचन करते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात मद्यपान व द्यूत ही कामज व्यसनांत सर्वांत घातक अशा चौघांत मोजली आहेत. संकट आणि दुर्गुण हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत आले. आजचे वैद्यकही व्यसनाधीनतेला आजार मानते. तेव्हा ‘लागले’ ह्या क्रियापदात अनुभवाचे सत्य आहे; ते अपुरे आहे, इतकेच.

ख्रिस्ती विचारात हीच दुहेरी जाणीव फार जुनी आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नकोसे आहे तेच होते, असा इच्छेच्या दास्याचा अनुभव मांडला आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन ह्याने ‘कन्फेशन्स’ लिहिण्यास घेतले. त्याच्या नवव्या भागात आपल्या आईची, संत मोनिकेची, मुलीपणातील द्राक्षमद्याची चटक त्याने लपविली नाही : कोठीतील मद्य थोडे थोडे चाखता चाखता ती पेले रिचवू लागली, आणि एका दासीच्या झोंबणाऱ्या शब्दाने ती सवय तुटली. आईचे मोठेपण सांगताना ही हकिगत गाळावी असे त्याला वाटले नाही. दुसऱ्या बाजूस, याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय विश्वासी जनांना आपली पातके एकमेकांजवळ कबूल करण्यास सांगतो. म्हणजे असहायता खरी, आणि केलेल्या कृत्याचा जबाबही खरा.

ह्या दोन सत्यांना आधुनिक काळात व्यवस्थित रूप मिळाले ते ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ह्या मंडळात. अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे १९३५ साली न्यूयॉर्कचे बिल विल्सन आणि शस्त्रवैद्य बॉब स्मिथ ह्यांच्या भेटीतून ते जन्मले. दोघांचाही ल्यूथरपंथी धर्मोपदेशक फ्रँक बुकमन ह्यांच्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’शी संबंध आला होता, एकमेकांजवळ उघड कबुली देण्याची रीत तेथूनच आली. १९३९ च्या ग्रंथात त्यांनी बारा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. मात्र ईश्वर ज्याला जसा उमगेल तसा, अशी मोकळीक ठेवल्याने हा मार्ग एका धर्मापुरता राहिला नाही. आपल्या दृष्टीने त्या पायऱ्यांची रचना लक्षणीय आहे. पहिली पायरी दारूपुढील असहायता मान्य करते. हे ‘मला’चे वाक्य होय. चौथी आत्मपरीक्षणाची, पाचवी आपले दोष ईश्वरापाशी, स्वतःपाशी व दुसऱ्या एका माणसापाशी कबूल करण्याची, आठवी व नववी ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करण्याची. ही सारी ‘मी’ची वाक्ये होत. आजाराला ‘मला’ आणि कृत्यांना ‘मी’ अशी ही वाटणी आहे.

ह्या मार्गाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचे कॅथलिक धर्मगुरू फादर जोसेफ परेरा. आपण स्वतः मद्याच्या आहारी गेलो होतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. १९८१ मध्ये वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने त्यांनी ‘कृपा फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. बारा पायऱ्यांना त्यांनी आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार ह्यांच्या योगपद्धतीची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धर्मगुरू हा इतरांच्या कबुल्या ऐकणारा. त्यानेच स्वतः प्रथमपुरुषात बोलावे, ह्यात ऐकणारा आणि सांगणारा ह्यांमधील अंतर नाहीसे होते. संस्थेचे नावही अर्थपूर्ण आहे. ‘कृपा’ हा शब्द भक्तिपरंपरा आणि मराठी ख्रिस्ती उपासना ह्या दोहोंचा आहे, आणि जे स्वतःच्या बळावर घडत नाही त्यासाठीच तो वापरला जातो.

येथे एका धोक्याचा निर्देश आवश्यक आहे. मराठी ख्रिस्ती समाजात ‘साक्ष देणे’ म्हणजे आपल्यावर झालेल्या ईश्वरी उपकाराचे कथन करणे. ह्या कथनाचा ओघ सहसा पूर्ण भूतकाळाकडे असतो : मी पीत होतो, प्रभूने सोडविले, कथा संपली. असा मनुष्य पुन्हा प्याला तर त्याला बोलावयास जागाच उरत नाही. सत्य सांगावे तर आपली साक्षच खोटी पडेल अशी भीती त्याला वाटते. मग तो गप्प राहतो, आणि घरातली माणसेही त्याच्याबरोबर गप्प राहतात. अशा वेळी श्रद्धाच प्रामाणिकपणाच्या आड येते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेत वीस वर्षे थेंबही न घेतलेला मनुष्य ‘मी मद्यासक्त आहे’ असे वर्तमानकाळात सांगतो, त्याचे कारण हेच. त्या ‘आहे’मध्ये निराशा नसून सावधपणा आहे, शिवाय, काल घसरलेल्या सोबत्यास आज पुन्हा बोलता येईल एवढी जागा तो मोकळी ठेवतो.

त्या सभेत बोलणारा आपले नाव सांगतो, आडनाव सांगत नाही. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा येते. तेथेही केवळ नाव उरते आणि कुळाची प्रतिष्ठा बाजूस राहते. ह्या दोन प्रथांत ऐतिहासिक नाते नाही. तथापि कबुली देणाऱ्याने नाव राखावे आणि मान सोडावा, ही अपेक्षा दोहींत समान दिसते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाला मराठी ख्रिस्ती उपासनेत स्थान दिले, तेव्हा हा वारसा परका राहिला नव्हता.

तात्पर्य, ‘मला लागले’ ह्यावरच थांबणारा स्वतःला क्षमा करून मोकळा होतो. ‘तूच केलेस’ एवढेच ऐकविणारा उपदेशक आजाऱ्याला अधिक एकटे पाडतो. प्रामाणिक कबुलीस दोन्ही वाक्ये लागतात, आणि मराठीत दोन्ही उपलब्ध आहेत. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी धरावे : ‘हात उठला’ हे वाक्य टिपून घेताना तो कोणाचा हात आणि कोणावर उठला, हेही टिपून घ्यावे. भाषेने गाळलेली ती स्त्री आपल्या नोंदवहीतून तरी गळता कामा नये.